ध्वनिफीत क्रमांक सात

एकेचाळीस मिनिटं.
आधी पंखा. मग कुकरच्या तीन शिट्ट्या.
खाली तांबट आळीत कुणी घागरीचा काठ वळवतंय,
ठोका, ठोका, थांबून पुन्हा ठोका.
एक भंगारवाला. आणि माझं नाक ओढणं,
सर्दी होती मला त्या दिवशी.
एवढंच आहे या फितीत.
दगूनाना कुठेच नाहीत.

लिप्यंतरात मी कंस करून लिहिलं : शांतता.
मार्गदर्शक बाईंनी समासात तांबड्या शाईनं विचारलं :
कुणाची?

बासष्ट प्रश्न होते माझ्याकडे.
चौदावा : आपणांस एकटेपणा जाणवतो काय?
नेहमी, क्वचित, कधीच नाही.
पुतणसून रत्नप्रभा कणकेच्या हातांनी दारात आली,
म्हणाली, त्यांना काय जाणवायचंय?
दोन वेळ गरम जेवतात, कुणाची कटकट नाही.
मी 'कधीच नाही'वर खूण केली.
पेन टेबलावर सरकलं तेवढंच,
आणि टेबलावरच कोपर टेकलेल्या नानांनी
माझं मनगट धरलं.
तळहात पुढे केला :
काय लिहिलंस, इथे लिही.

जन्मापासून कान नाहीत. चौथीपर्यंत शाळा,
मग तीस वर्षं हातोडा.
डोळे कडेकडेनं गेले, पातेलं काळं पडत जावं तसे,
शेवटी मध्यभागी रुपयाएवढा उजेड,
मग तोही मोडला.
पण बाराखडी बोटांत शाबूत.

मी लिहिलं : ए, क, टे, प, णा.
तळहात पुरेना. करंगळीकडून पुन्हा सुरुवात केली.
ते थांबूनच.
मग माझंच बोट धरून त्यांनी
अक्षरांवरून आडवी रेघ ओढली.
शिरोरेषा दिल्याशिवाय त्यांचा शब्द संपत नाही,
हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

उत्तर माझ्या तळहातावर आलं, हळूहळू, जड बोटानं :
घरात सगळे. रेघ.
हातात कुणी नाही. रेघ.

याला चौकट नव्हती.
रत्नप्रभानं विचारलं, काय म्हणाले?
मी सांगितलं.
ती आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता
(फितीत आहे तो, तेविसाव्या मिनिटाला).

मग त्यांनी माझी बोटं तपासली,
गिऱ्हाईक भांडं तपासतं तशी.
मधल्या बोटावर पेनाचा घट्टा सापडला.
आपला आणून त्यावर ठेवला,
अंगठ्याच्या बुडाशी, शिंगासारखा टणक.
दोनदा आपटला.
तेव्हापासून त्या घरात माझं नाव ते आहे :
मधल्या बोटावर दोन टिचक्या.

प्रबंधात मी त्यांचं नाव बदललं.
दगूनाना हे मीच ठेवलेलं, नियम आहे तसा.
मला मिळालेलं नाव मात्र
कुठल्या परिशिष्टात घालायचं, कळलं नाही.

निघताना त्यांचा एक प्रश्न.
माझा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला,
मग कमरेवर, मग छातीवर, गळ्यावर.
भुवया वर.
मला वाटलं कुठे दुखतंय का.
रत्नप्रभा हात पुसत म्हणाली,
मारुतीला कुठवर पाणी आलंय, विचारताहेत. दुतोंड्याला.
ऑगस्ट आला की रोज विचारतात,
आणि आम्हाला कुठे वेळ असतो गं घाटावर जायला,
काहीतरी सांगतो. कंबर सांगतो.

पुढच्या बुधवारी मी आधी घाटावर गेले.
धरणातून पाणी सोडलेलं, चहाच्या रंगाचं,
भाजीवाल्यांनी टोपल्या वरच्या पायरीवर आणलेल्या.
माणसं मोबाईल उंच धरून उभी.
मी नीट पाहिलं, दोनदा पाहिलं,
आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या निरीक्षणाची
इतकी धास्ती वाटली.

जिना चढले. दोन टिचक्या.
त्यांचा हात धरला
आणि त्यांच्याच मांडीवर, गुडघ्यापासून चार बोटं वर,
नेमका ठेवला.

ते तिथेच हात ठेवून बसले.
नंतर त्याच ठिकाणी, मांडीवर,
सावकाश एक आडवी रेघ ओढली.